बरोबरी कोणी कोणाला दिली?

गेल्या महिन्यात गोव्यात, फोंड्याला बुद्धिबळाची एक खुली रेटिंग स्पर्धा झाली. आठव्या राउंडला तिसऱ्या पटावर सत्तरी तालुक्यातल्या एका तेरा वर्षांच्या मुलाची गाठ पडली ती घाटावरून आलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या, पट्टीच्या खेळाडूशी. मुलाचं रेटिंग, म्हणजे खेळाच्या ताकदीचा आकडा, 1740, समोरच्याचं 2140. डाव चार तासांच्या वर चालला. बाकीचे पट आवरून झाले, खुर्च्या एकावर एक चढल्या, चहावाल्याने पातेलं धुऊन पालथं घातलं, तेव्हा कुठे त्या दोघांनी हात मिळवले. निकाल अर्धा-अर्धा. त्यानंतरचे आठ दिवस या अर्ध्या गुणावर आमच्याकडे जी चर्चा झाली, ती ऐकून मला राहवलं नाही.

एका गटाचं म्हणणं असं, की त्या काकांनी ड्रॉ दिला. रात्रीची गाडी पकडायची होती, समोर लहान मूल होतं, दया आली आणि टाकला अर्धा गुण त्याच्या पुढ्यात. दुसऱ्या गटाचं बोलणं याहून वाईट. चारशेच्या फरकाला ड्रॉ होतोच कसा? आधी काहीतरी ठरलेलं असणार. तिसरा गट मुलाच्या गावचा. त्यांनी त्याला शाल-श्रीफळ दिलं आणि 'ही बरोबरी म्हणजे जिंकल्यातच जमा' असं भाषणात सांगून टाकलं. शेवटी संयोजकांकडे दोन सूचना आल्या. पुढच्या वर्षीपासून दोघांत तीनशेहून जास्त रेटिंगचा फरक असेल तर आपसांत ड्रॉ करायला बंदी घाला. आणि जिंकणाऱ्याला तीन गुण, ड्रॉला एकच द्या. या सगळ्यांत एकाही माणसाने तो डाव पाहिलेला नव्हता. पंचांकडे स्कोअरशीट, म्हणजे सगळ्या चाली लिहिलेला कागद होता, तो कोणी मागितलाही नाही.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. कमीजास्त रेटिंगच्या दोन खेळाडूंमधला ड्रॉ हा अर्धवट राहिलेला निकाल नसतो. विजय जितका पुरा असतो तितकाच तोही पुरा निकाल असतो. तो खरा की खोटा, धीराचा की भित्रेपणाचा, हे पटावरच्या चालींवरून ठरवता येतं, नावांपुढच्या आकड्यांवरून ठरवता येत नाही. म्हणून आकड्यांच्या फरकावर बेतलेली कोणतीही बंदी अन्यायाची आहे, आणि जो रोग बरा करायचा म्हणून ती आणताय तो रोग तिने वाढेल. गेली बावीस वर्षं मी मुलांना बुद्धिबळ शिकवतो. या मुलाला मी शिकवलेलं नाही; त्याचा डाव मात्र मी तीनदा खेळून पाहिला आहे.

आधी शब्दांकडे बघू, कारण निम्मा घोटाळा तिथेच आहे. आपण म्हणतो 'ड्रॉ दिला', 'ड्रॉ घेतला'. देणारा हात वरचा आणि घेणारा खालचा, हे त्या क्रियापदांतच आलं. नियमाप्रमाणे ड्रॉ 'मागतात': खेळाडू चाल करतो, ड्रॉ विचारतो आणि मग घड्याळ दाबतो. समोरचा हो म्हणतो किंवा आपली चाल करतो. यात दान कुठे आलं? दुसरा शब्द 'अनिर्णित'. वर्तमानपत्रांत हाच छापून येतो. पण निर्णय तर झालेला असतो. पावसाने धुऊन गेलेल्या क्रिकेटच्या सामन्याला अनिर्णित म्हणा हवं तर. बुद्धिबळात दोन्ही बाजूंना जिंकता येत नाही हे सिद्ध होणं हाच निर्णय आहे. आपला खरा शब्द 'बरोबरी'. पण तो उच्चारताना आपली जीभ अडखळते, कारण घरात तो आपण रागवायला वापरतो. 'मोठ्यांची बरोबरी करतोस?' असं ऐकत आपली मुलं वाढतात. तेरा वर्षांच्या मुलाने चाळिशीच्या माणसाची पटावर बरोबरी केली, हे सरळ मान्य करण्यापेक्षा मोठ्याने ती दिली असं म्हणणं आपल्याला सोपं वाटतं. मला वाटतं, या चर्चेचं मूळ बुद्धिबळात कमी आणि या सवयीत जास्त आहे.

आता त्या डावात काय झालं ते. मुलगा काळ्या सोंगट्यांनी खेळत होता. चोविसाव्या चालीला त्याचं एक प्यादं गेलं; तिथे त्याची चूकच झाली. त्यानंतर समोरच्याने घाई केली नाही. मुरलेला खेळाडू करतो तेच केलं: एकेक सोंगटी बदलत पट रिकामा करत आणला आणि साठाव्या चालीच्या सुमारास उरले दोन राजे, दोन हत्ती आणि पांढऱ्याचं एक प्यादं, राजाच्या समोरच्या पट्टीत पाचव्या घरात. घड्याळात मुलाकडे मिनिटभरही नव्हतं. प्रत्येक चालीला मिळणाऱ्या तीस सेकंदांवर तो खेळत होता. इथून पुढे बचाव एकच आहे आणि तो फ्रान्सच्या फिलिडोर या खेळाडूने 1777 साली दाखवून ठेवला आहे. काळ्याचा राजा प्याद्याच्या वाटेत बसवायचा आणि हत्ती सहाव्या ओळीत आडवा धरायचा, म्हणजे पांढऱ्याच्या राजाला त्या ओळीत पाऊल टाकता येत नाही. मग नुसतं थांबायचं. पांढऱ्याने अखेर प्यादंच सहाव्या घरात सरकवलं, की त्याच क्षणी हत्ती तडक पहिल्या ओळीत न्यायचा आणि मागून शह देत सुटायचं. राजाला लपायला जी जागा होती तिथे आता त्याचं स्वतःचंच प्यादं बसलेलं असतं. हत्ती एक चाल आधी हलला तरी घोटाळा, एक चाल उशिरा हलला तरी घोटाळा. त्या मुलाने तो नेमक्या चालीला हलवला. समोरच्याने आणखी दहा-बारा चाली जंग जंग पछाडलं आणि त्र्याऐंशीव्या चालीला चाल करून विचारलं, 'ड्रॉ?'

हे दान होतं का? तीस सेकंदांत जे उत्तर शोधायला लागत होतं ते मुलाने दरवेळी शोधलं, म्हणून ड्रॉ झाला. समोरच्या गृहस्थांवरही यात अन्याय होतो हे कोणाच्या ध्यानात येत नाही. त्यांनी जिंकण्यासाठी चार तास घाम गाळला आणि आपण म्हणतो गाडीची वेळ झाली होती! त्यांना मी भेटलो नाही, पण स्कोअरशीटवरच्या त्यांच्या शेवटच्या वीस चालींत आळसाची एकही चाल मला सापडली नाही.

'चारशेच्या फरकाला ड्रॉ होतोच कसा' या प्रश्नाला तर गणितानेच उत्तर द्यायला हवं, कारण प्रश्न गणिताच्या नावाने विचारला जातोय. रेटिंगची ही पद्धत बसवली आर्पाड एलो यांनी, हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. जागतिक संघटनेने, म्हणजे फिडेने, ती 1970 साली स्वीकारली. फिडेच्या कोष्टकात चारशेच्या फरकाला वरच्या खेळाडूची अपेक्षित कमाई 0.92 अशी दिली आहे. लोक हे असं वाचतात, की शंभरांतले 92 डाव तो जिंकेल आणि आठ हरेल. पण कोष्टक विजयांबद्दल बोलतच नाही, ते गुणांबद्दल बोलतं. शंभर डावांत 92 गुण म्हणजे 84 विजय आणि 16 ड्रॉ, हार एकही नाही, असंही असू शकतं. त्या हिशोबाने सहा डावांमागे एक ड्रॉ! म्हणजे ज्या आकड्याच्या आधारे आपण त्या मुलावर संशय घेतोय, त्याच आकड्याच्या पोटात अशा ड्रॉंना जागा ठेवलेली आहे. शिवाय ड्रॉची किंमतही पद्धतीने वसूल केली आहे. मुलाला या डावाचे 16.8 रेटिंग गुण मिळाले, समोरच्याचे 8.4 गेले. कमी लेखलेल्या खेळाडूने वरच्याला रोखलं तर त्याचं मोल काय, हे त्या कोष्टकाला कळतं. आपल्याला कळू नये याचं वाईट वाटतं.

एलो स्वतः आपल्या पद्धतीबद्दल आपल्यापेक्षा नम्र होते. पाण्यावर हेलकावणाऱ्या बुचाची जागा, वाऱ्यावर डोलणाऱ्या दोरीला बांधलेल्या गजपट्टीने मोजावी, तसं हे मोजमाप आहे, अशा अर्थाचं ते बोलले होते. आमच्या भागातल्या मुलांच्या बाबतीत तर ती दोरी फारच डोलते. सत्तरीतलं किंवा काणकोणातलं मूल वर्षाला रेटेड स्पर्धा खेळतं किती? मे महिन्याच्या सुट्टीत एक, चतुर्थीनंतर एक, फार तर दिवाळीत आणखी एक. स्पर्धेची फी, जाण्यायेण्याचा खर्च, आईबापांपैकी एकाची बुडालेली मजुरी किंवा रजा. मधल्या काळात मूल घरी पुस्तकं उलटतं, मोबाईलवर शेकडो डाव खेळतं आणि त्याची ताकद वाढत जाते. कागदावरचा आकडा मात्र गेल्या सुट्टीतलाच राहतो. रेटिंग खालच्या पायऱ्यांवर खऱ्या ताकदीपेक्षा घसरलंय हे फिडेनेही ओळखलं. मार्च 2024 मध्ये तिने 2000च्या खालच्या सर्वांचे आकडे वर उचलले आणि किमान रेटिंग 1000 वरून 1400 केलं. संधी मिळाली की काय होतं याचं उदाहरण आपल्या घरचंच आहे. गोव्याचा लिऑन मेंडोंसा मार्च 2020 मध्ये वडिलांबरोबर हंगेरीत होता, टाळेबंदीत तिकडेच अडकला आणि स्पर्धांमागून स्पर्धा खेळत राहिला. ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत त्याचे ग्रँडमास्टरचे तिन्ही नॉर्म, म्हणजे त्या किताबासाठी लागणाऱ्या स्पर्धांतल्या कामगिऱ्या, पुरे झाले. तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. त्या वर्षी त्याच्याशी ड्रॉ झालेल्या खेळाडूंना कोणी 'पोराला अर्धा गुण सोडला' असं म्हटलं असतं, तर आज ते कसं वाटलं असतं?

आता दुसऱ्या बाजूचं जे खरं आहे ते मला मान्य करायलाच हवं, आणि ते थोडंथोडकं नाही. ठरवून केलेले ड्रॉ असतात. शेवटच्या राउंडला पहिल्या दोन पटांवर दहा-बारा चालींत हात मिळवून बक्षिसाच्या याद्या बघायला जाणारे खेळाडू मी बावीस वर्षं पाहतोय. हे फक्त आपल्याकडे घडतं असंही नाही. 1962 साली कुरासाओ बेटावर, जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या उमेदवारांच्या स्पर्धेत पेट्रोस्यान, केरेस आणि गेलर या तीन सोव्हिएत खेळाडूंमधले आपसांतले बाराच्या बारा डाव बरोबरीत सुटले. अमेरिकेच्या बॉबी फिशरने जाहीर आरोप केला, की हे संगनमत आहे. फिडेला ती स्पर्धेची पद्धतच गुंडाळून ठेवून थेट सामन्यांची पद्धत आणावी लागली. तेव्हा संशय घेणारे सगळेच वेडे आहेत असं मी म्हणणार नाही. खुल्या स्पर्धेत फुकटचा अर्धा गुण कोणाला मिळाला, तर बाजूच्या पटावर प्रामाणिकपणे झगडणाऱ्याचं बक्षीस जातं. त्याचा राग रास्त आहे.

पण कुरासाओच्या त्या गोष्टीत कोणकोण होते ते बघा. तिघेही एकाच तोलाचे. संगनमताचा ड्रॉ बहुतेक वेळा बरोबरीच्यांत होतो, कारण तिथे अर्ध्या गुणाने दोघांचंही भागतं. तीनशेच्या फरकाची बंदी त्यांना शिवणारसुद्धा नाही. ती पकडणार सत्तरीच्या पोराला. आणि समजा, खरोखरच कोणाला गुण विकायचा आहे. ड्रॉवर बंदी घातलीत तर तो काय करेल? हरेल. खोटी हार खोट्या ड्रॉपेक्षा सोपी असते: एक हत्ती चुकून मारात ठेवला की झालं, कोणाला शंकाही येणार नाही. ड्रॉ ठरवायला दोघांना नाटक करावं लागतं, हरायला एकच पुरतो. बंदीने दर वाढेल, व्यवहार थांबणार नाही.

2005 साली बल्गेरियातल्या सोफिया शहरात हा प्रयोग मोठ्या पातळीवर झाला. खेळाडूंनी आपसांत ड्रॉ मागायचा नाही, पंचांनी परवानगी दिली तरच, असा नियम होता. तो चांगल्या हेतूने केलेला होता आणि त्याने काही रटाळ डाव वाचले हे मान्य. पण ज्यांना ड्रॉच हवा होता त्यांनी तीच स्थिती तीनदा आणली आणि नियमाच्या आतून बाहेर पडले. तरीही बक्षिसाच्या पटांवर 'तीस चालींआधी ड्रॉ मागता येणार नाही' असा नियम कोणी आणला तर मी हात वर करीन. तो सर्वांना सारखा लागू आहे. माझं भांडण आहे ते रेटिंग बघून लावायच्या नियमाशी. पटावर दोघांच्या सोळा-सोळा सोंगट्या असतात. एकाला उठायची मुभा आणि दुसऱ्याला नाही असं होत नाही, बंदी दोघांनाही आहे, असं सूचना करणारे म्हणतील. पण त्या बंदीचा भार कोणावर पडतो? ज्या स्थितीत जिंकण्यासारखं काही उरलेलं नाही तिथे पोराला रात्री नऊपर्यंत बसवून ठेवलं, तर आधी कोण दमेल, कोणाचा हात आधी चुकेल? तशी हार झाली तर तिला आपण बुद्धिबळाचा निकाल म्हणणार आहोत का?

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो, कारण तो माझ्या स्वतःच्या अंगणातला आहे. खालचा खेळाडू पुष्कळदा आकड्याला घाबरून ड्रॉ मागतो किंवा मान्य करतो, तोही जिंकत आलेल्या डावात. सात-आठ वर्षांपूर्वी माझी एक विद्यार्थिनी 2100च्या खेळाडूविरुद्ध एका प्याद्याने वर होती, तिचा घोडा पटाच्या मध्यावर ठाण मांडून बसला होता आणि समोरच्याने ड्रॉ मागितला. तिने मान वर करून दाराकडे, माझ्याकडे पाहिलं. डाव चालू असताना मला तिला काही सांगता येत नव्हतं, सांगायचंही नव्हतं. पण माझ्या चेहऱ्यावर आनंद होता, आणि तो तिने वाचला. तिने हात पुढे केला. संध्याकाळी डाव मांडून पाहिला तर विजय सहा चालींवर होता. मी विचारलं, 'दिसला नाही?' ती म्हणाली, 'दिसत होता सर, पण ते 2100 आहेत ना.' तो चेहरा करायला नको होता. तिला पुढे चाल करण्याचं बळ द्यायचं काम माझं होतं आणि त्या घटकेला मी तिला आकड्यापुढे वाकायला शिकवलं. शाल-श्रीफळ देणाऱ्यांशी माझा मतभेद आहे तो यासाठीच. 'वरच्याशी ड्रॉ म्हणजे विजयच' असं भाषणात सांगितलं, की बसलेल्या वीस मुलांच्या मनात ड्रॉ हे ध्येय होऊन बसतं. पुढच्या वेळी ती अकराव्या चालीलाच ड्रॉ मागतील.

आणि हे फक्त लहानांचं दुखणं आहे का? 2018 साली लंडनला मॅग्नस कार्लसन आणि फॅबियानो कारुआना यांच्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात बाराही डाव बरोबरीत सुटले. बाराव्या डावात कार्लसनची स्थिती चांगली होती, घड्याळातही वेळ जास्त होता, तरी एकतिसाव्या चालीला त्याने ड्रॉ मागितला. कास्पारोव्ह आणि क्रामनिक या माजी जगज्जेत्यांनी त्याच्यावर टीका केली. मग बरोबरी फोडण्यासाठीच्या, टायब्रेकच्या जलद डावांत त्याने कारुआनाला 3-0 असं हरवून मुकुट राखला. त्याचा तो ड्रॉ भित्रा होता की हिशोबी? जाणकारांचं आजही एकमत नाही. पण सगळे जण वाद घालतात तो त्या स्थितीवर, त्या चालींवर, घड्याळावर. एवढंच माझं मागणं आहे. फोंड्याच्या पोराच्या ड्रॉवरही असाच वाद घाला, मी आनंदाने भाग घेईन. चोविसाव्या चालीला त्याने प्यादं का गमावलं, यावर तर मला त्याला चार शब्द सुनवायचे आहेत.

तीन गुणांच्या सूचनेबद्दल थोडक्यात. फुटबॉलमधून ही पद्धत आली आणि 2008 साली स्पेनमधल्या बिल्बाओच्या स्पर्धेने ती बुद्धिबळात वापरून पाहिली. तिने आघाडीचे खेळाडू जास्त धोका पत्करतात, हे खरं. पण कमीजास्त जोडीत तिचा अर्थ असा होतो, की ज्याच्यासाठी बचाव हीच मोठी कामगिरी आहे त्याची कमाई अर्ध्यावरून तिसऱ्या हिश्श्यावर आणायची. आणि लबाडीला ती आयतं आमंत्रण देते. दोघं दोनदा भेटणार असतील तर दोन ड्रॉंचे प्रत्येकी दोन गुण होतात, एकेक डाव एकमेकांना सोडला तर प्रत्येकी तीन. मग कोण ड्रॉ करील?

राहता राहिला कंटाळा. प्रेक्षकांना निकाल हवा असतो, असं म्हणतात. 1964 साली इंग्लंडचा संघ भारतात आला आणि पाचच्या पाच कसोटी बरोबरीत सुटल्या. त्याच मालिकेत मद्रासला बापू नाडकर्णींनी लागोपाठ एकवीस निर्धाव षटकं टाकली. त्या मालिकेला लोक कंटाळले असतील तर मी त्यांना दोष देणार नाही. पण 1979 साली ओव्हलवर 438 धावांचा पाठलाग करताना सुनील गावसकर 221 करून बाद झाला आणि भारत आठ बाद 429 वर थांबला, तो सामनाही ड्रॉच होता. त्याला कंटाळवाणा म्हणणारा मराठी माणूस मला अजून भेटायचा आहे. दोन्ही ड्रॉच, मग फरक कशात पडला? आणि फोंड्यात राहून मी 1683 सालचा वेढा विसरू शकत नाही. पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होर तोफा घेऊन इथल्या किल्ल्यावर चालून आला. आत येसाजी कंक आणि थोडी शिबंदी. त्यांनी व्हाइसरॉयची फौज मारून काढली नाही, त्यांच्याकडे तेवढं बळच नव्हतं. संभाजीराजे येऊन पोचेपर्यंत किल्ला धरून ठेवला, बस्स. वेढा उठला. त्या दिवसांत तटावर उभं राहणाऱ्यांनी काय 'दिलं' आणि काय 'घेतलं' असं आपण विचारतो का?

बुद्धिबळातला अर्धा गुणही आभाळातून पडलेला नाही. एकोणिसाव्या शतकातल्या स्पर्धांत ड्रॉ झाला की डाव पुन्हा खेळायला लावत. 1883 साली लंडनच्या मोठ्या स्पर्धेत दोन खेळाडूंमधले पहिले दोन ड्रॉ धरलेच जात नसत. तिसऱ्यांदा ड्रॉ झाला तरच अर्धा-अर्धा गुण. स्पर्धा लांबत गेल्या, माणसं थकली आणि शेवटी सर्वांनी कबूल केलं, की दोघांनी चांगला खेळ केला तर बरोबरी होणारच; तिची नोंद करणं हाच शहाणपणा. आपल्या जुन्या देशी डावात तर निकालाच्या कितीतरी छटा होत्या. प्याद्याने मात केली तर तिचा मान वेगळा, राजा एकटाच उरला तर बुर्जी. आपल्या आजोबा-पणजोबांना जिंकणं आणि हरणं यांच्यामधल्या जागेची नावं ठाऊक होती.

2025च्या नोव्हेंबरात तर सगळं जग आपल्या दाराशी येऊन गेलं. बुद्धिबळाचा विश्वचषक इथे गोव्यात, हडफड्याला झाला. 206 खेळाडू होते. दोन संथ डाव आणि बरोबरी राहिली तर जलद डाव, अशी बाद पद्धत. म्हणजे खालच्या क्रमांकाच्या खेळाडूला पहिल्या दिवशी वरच्याला रोखता आलं, की दुसऱ्या दिवशी सामना उघडा. तिसऱ्या फेरीत जर्मनीच्या फ्रेडेरिक स्वानेने हेच केलं. जगज्जेत्या गुकेशशी पहिला डाव बरोबरीत सोडवला आणि दुसरा जिंकून त्याला घरी पाठवलं. अंतिम सामन्यात उझबेकिस्तानचा एकोणीस वर्षांचा जावोखिर सिंदारोव आणि चीनचा वेई यी यांचे दोन्ही संथ डाव बरोबरीत सुटले. चषक सिंदारोवने जलद डावांत नेला. त्याआधी जुलैत जॉर्जियातल्या बातुमीला नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला. समोर कोनेरू हंपी, रेटिंगमध्ये तिच्याहून ऐंशीने वर आणि अनुभवात कितीतरी पुढे. दोन्ही संथ डाव ड्रॉ झाले. ते दोन ड्रॉ धरून ठेवले नसते तर तिसऱ्या दिवसाचा तो जल्लोष आपल्या वाट्याला आला असता का? त्या रात्री कोणी म्हटलं नाही, की हंपीने दिव्याला ड्रॉ दिले.

आणखी मागे जायचं तर 2004 सालचं आइसलंडमधलं रेक्याविक आहे. गॅरी कास्पारोव्ह 2800च्या वर, समोर नॉर्वेचा मुलगा 2500च्या आसपास. वय तेराच, आमच्या सत्तरीच्या मुलाएवढं. जलद डाव बरोबरीत सुटला. पण त्या डावात अडचणीत आला होता कास्पारोव्ह, आणि कसाबसा सुटला तोच. मुलाचं नाव मॅग्नस कार्लसन. दुसऱ्या डावात कास्पारोव्हने त्याला हरवलंही. आमचा मुलगा कार्लसन होईल असं मी मुळीच म्हणत नाही. बहुधा तो चांगला खेळणारा एक इंजिनियर किंवा शिक्षक होईल, आणि ते पुरेसं आहे. मी एवढंच दाखवतोय, की मोठ्याच्या आणि लहानाच्या डावात अर्धा गुण कोण वाचवतो आणि कोण गमावतो, हे वयाकडे आणि रेटिंगकडे बघून सांगता येत नाही.

संयोजकांना मी पत्र लिहिलं आहे. बंदी नको, तीन गुण नकोत. त्याऐवजी पहिल्या दहा पटांचे सगळे डाव त्याच रात्री संगणकावर चढवा आणि भिंतीवर लावा, म्हणजे ज्याला संशय आहे त्याने चाली वाचून तो बोलून दाखवावा. दहा चालींचा ड्रॉ तिथे उघडा पडेल, कोणाला काही म्हणायची गरज राहणार नाही. आणि त्र्याऐंशी चालींचा ड्रॉही तिथेच दिसेल. खर्च एका स्वयंसेवकाचा आणि एका लॅपटॉपचा.

दरम्यान गेल्या रविवारी माझ्या वर्गात मी तीच स्थिती मांडली. मुलांच्या दहा जोड्या केल्या; पांढऱ्याने जिंकायचं, काळ्याने वाचायचं, प्रत्येक चालीला तीस सेकंद. फिलिडोरचा बचाव आम्ही पावसाळ्यातच शिकलो होतो. तरी चार पटांवर काळा हरला. दोघांनी हत्ती सहाव्या ओळीतून लवकर काढला, एकीने उशिरा, एकाचा राजा प्याद्याच्या वाटेतून बाजूला झाला. हरलेल्यांपैकी दोघांचे वडील 'ड्रॉ दिला' म्हणणाऱ्यांत होते; ते मागच्या बाकावर बसून घड्याळाकडे बघत होते. येत्या रविवारी सत्तरीचा तो मुलगा स्वतः येणार आहे. त्याला काळ्या सोंगट्या द्यायच्या की पांढऱ्या, यावर वर्गात अजून भांडण चालू आहे.